शिरसाखालचा खराटा

प्रिय माय,

आज सकाळी मी दारात आलेल्या एका बाईला ‘नाही’ म्हणाले, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तुझे जावई भूमच्या शाळेवर, शनिवारशिवाय एसटी त्यांना काही घेऊन येत नाही. म्हणून हापिसातून आल्या आल्या, चहासुद्धा न टाकता, ही वही उघडून बसले आहे.

तुला वाचता येत नव्हतं, माहीत आहे गं. तू फक्त सही शिकलीस. पण पत्र ऐकायची तुला भारी हौस! बेंबळीला मामाला पत्र धाडायचं असलं की आधी तुला वाचून दाखवावं लागायचं, आणि तू म्हणायचीस, “लई गोड लिहू नगं. त्याला वाटंल, ह्येंचं काय तरी काम हाय.” तेव्हा हेही फार गोड लिहीत नाही. बस इथं उंबऱ्यावर आणि ऐक.

तू जाऊन दोन महिने होतील. पुण्यानुमोदनाला माणसं खूप आली होती. मामा बोलला. तू कष्टाळू होतीस, स्वाभिमानी होतीस, नवऱ्यामागं पोरीला शिकवलंस. सगळं खरंच होतं, पण ऐकताना मला वाटत होतं, हे तर कुणाच्याही आईबद्दल म्हणता येईल. आपल्या शिरसाच्या झाडाचं नाव कुणी काढलं नाही. मीही उठून बोलले नाही. मामासमोर खराट्याचा विषय काढायची मला अजूनही भीती वाटते! ‘हे काम सोड’ म्हणून तो तुझ्यामागं किती वर्षं लागला होता. आणि तू दर वेळी तेच उत्तर द्यायचीस.

“म्या कुणाच्या घरची घाण काढत न्हाय, भाऊ. सरकारी रस्ता झाडते. पटावर सही करते.”

तर त्या रस्त्यावर आता वारं सुटलंय. माघ लागला आणि खरेदी-विक्री संघाच्या गोदामासमोरचा आपला शिरस पानं टाकायला लागला. खिडकीतून दिसतोय. शेंगा वाळल्यात आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळ्या एकदम वाजतात. दुधाच्या कॅनची गाडी रोज त्याच्याखाली थांबते, तिच्या टपावर पाला साठतो आणि गाडी तो घेऊन गावभर फिरते. तू बघितलं असतंस तर गाडीवाल्याला सोडलं नसतंस.

आणि आज सकाळी सुलाबाई आली. तुझ्या जागी रस्त्याला लागलेली सुलाबाई. तू निवृत्त झालीस तरी शिरसाखालचा तुकडा तिला झाडू देत नव्हतीस, “तेवढा माझा” म्हणायचीस. आता तोही तिच्यावरच पडलाय. ती दारात उभी राहून म्हणाली, “मंगलताई, मायचा खराटा देता का? हापिसातला लई आखूड हाय. वाकून वाकून कंबर गेली.”

मी म्हणाले, “नाही. तो मायचा आहे.”

“ऱ्हाऊ द्या मग, ताई,” असं म्हणून ती गेली. चिडली नाही, काही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मला तरी भांडायला मिळालं असतं.

माय, हे तुला सांगताना मला लाज वाटते आहे. पण लाज का वाटते ते नीट सांगायचं तर मला तो दुष्काळ आठवायला हवा, आणि ते वारं.

तुला आठवतं, मी हापिसात लागले तो पहिला दिवस? बहात्तरचा दुष्काळ डोक्यावर होता. दादांचं छत्र जाऊन चार वर्षं झाली होती, त्यांच्या जागेवर तू रस्ता झाडत होतीस, आणि मॅट्रिक झालेल्या मला त्याच नगरपालिकेत कारकुनाची सहा महिन्यांची हंगामी ऑर्डर मिळाली होती. मी नवी साडी नेसून निघाले. तू दारात मला अडवलंस.

“हापिसात मला माय म्हनू नगं. म्या तुला वळखत न्हाय, तू मला वळखत न्हाय. तू खुर्चीवर हायस. लोकांनी तुला खुर्चीवर धड बसू दिलं पायजे.”

आणि मी म्हणाले, “बरं.”

इतक्या पटकन का म्हणाले गं मी ‘बरं’? एकदा तरी ‘का?’ म्हणून विचारायचं! रोज सकाळी तू हापिसाच्या अंगणातल्या टेबलाशी हजेरीच्या पटावर सही करायचीस, त्या सहीला इतर बायांच्या दुप्पट वेळ लावायचीस, आणि मी दहा हातांवर रजिस्टरात डोकं घालून बसायचे. हा नियम तुझा होता हे खरं. पण तो पाळताना मला जड गेलं नाही, आणि त्याचं मला आजवर वाईट वाटतं.

मग ती यादी आली. गावातली वाळून गेलेली झाडं लिलावात काढायची, लाकूड सरपणाला जाईल. ओव्हरसियर साहेब, मी आणि गेरूचा डबा धरलेला एक शिपाई असे आम्ही तिघं भर दुपारी निघालो. ओव्हरसियर छत्रीखालून बघायचे आणि बोलायचे, मी लिहायचे, शिपाई खोडावर नंबर घालायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच!

शिरसाशी आलो तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती. चाऱ्यापायी लोकांनी शेळ्यांसाठी हाताला लागेल तेवढा पाला ओरबाडून नेला होता. उरलेल्या फांद्या बोडक्याच दिसत होत्या, वर शेंड्याला शेंगा आणि गळायला आलेली विरळ पिवळी पानं. एकच फांदी पानांनी भरलेली होती. गोदामाच्या बाजूची, दसऱ्याच्या सुमाराला ट्रकचा धक्का लागून मोडलेली आणि सालीला लटकून राहिलेली. पानं तपकिरी झालेली, पण होती.

“ही एक फांदी तेवढी धरून आहे,” ओव्हरसियर म्हणाले. “बाकी झाड गेलं.”

मी मान हलवली आणि लिहिलं: शिरस, गोदामासमोर, एक फांदी वगळता पूर्ण वाळलेले. शिपायानं नऊ नंबर घातला. माझं अक्षर तेव्हा फार छान होतं.

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. रेशनवरच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, थापता थापता तुटणारी. तू वर न बघता विचारलंस, “शिरसावर नव्वा नंबर कुनी घातला?”

“आम्ही.”

“का गं?”

“वाळलंय ना ते.”

तुटलेली भाकरी परत गोळा केलीस, पाण्याचा हात लावलास, पुन्हा थापलीस. मग म्हणालीस, “उद्या पहाटं माझ्यासंगं चल.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आपण शिरसाखाली होतो. काय वारं होतं! पदर डोक्यावर राहीना. सगळ्या रस्त्यावर ती बारीक पानं, जिऱ्यासारखी, पळत होती. तू खराट्याच्या दांडीनं रस्त्यावर एक रेघ ओढलीस.

“ह्या अंगाला बघ. रोज पाटीभर पाला पडतो. काल झाडला, आज पुन्ना पाटीभर. आन् ह्या अंगाला बघ.”

तो त्या मोडक्या फांदीखालचा रस्ता होता. तिथं काहीच नव्हतं. वाऱ्यानं लोटत आणलेलं एखादं पान सोडलं तर रस्ता लख्ख.

“दसऱ्यापास्नं हितं म्या खराटा मारला न्हाय. पडतच न्हाय काय. वर बघ, हाय का न्हाय पाला? मंग पडत का न्हाय?”

मी वर बघत राहिले.

“मेलेल्या फांदीला पान सोडाया येत न्हाय, मंगल,” तू म्हणालीस. “वारं तिचं तुकडं करंल, पर द्येठ सुटत न्हाय. सोडाया जीव लागतो. तुमी उलटं लिवलंय. जी फांदी जिती म्हनून लिवली ती मेलीय, आन् मेलेलं म्हनून लिवलं ते समदं जितं हाय.”

माय, मी मॅट्रिकला शास्त्रात पहिली आले होते! पानाचं चित्र काढून नावं घालायला सांगितलं असतं तर मी दहापैकी दहा घेतले असते. आणि तुला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. वर बघून नव्हे, खाली काय पडतंय ते बघून तुला झाड कळत होतं. चार पानगळी तू त्याच्याखाली पाठ मोडेस्तोवर झाडल्या होत्यास. झाड तुटलं असतं तर सगळ्यांत जास्त सुख तुलाच झालं असतं, रोजची पाटीभर मेहनत वाचली असती. हे मला फार पुढं लक्षात आलं.

त्या दिवसापासून मी रोज पहाटे तुझ्यासोबत यायला लागले. आधी भीतीनं, मग सवयीनं, आणि मग खरं सांगते, आवडीनं. लिलाव पाडव्याच्या दोन दिवस आधी ठरला होता. तोवर झाडाला पालवी फुटली की मी साहेबांना सांगणार, असा माझा बेत. म्हणून आपण दोघी उरलेला माघ आणि फाल्गुनभर त्या शिरसावर लक्ष ठेवून होतो.

आधी बारीक पानं पडली. ती खराट्याच्या काड्यांत अडकून बसायची आणि तू त्यांना शिव्या द्यायचीस. मग पानं सरली आणि नुसते देठ पडायला लागले, सुतळीसारखे. मग साल सोलपटून यायला लागली. आणि सगळ्यांत शेवटी शेंगा, त्यासुद्धा सगळ्या नाहीत. प्रत्येक गोष्टीचा ढीग वेगळा दिसायचा, वेगळा वाजायचा. त्या मोडक्या फांदीखालचा रस्ता मात्र शेवटपर्यंत रिकामाच राहिला.

आणि तुझं ते झाडणं! इतर बाया वाऱ्याच्या तोंडाला झाडायच्या, केलेला ढीग पुन्हा अंगावर यायचा. तू म्हणायचीस, “वाऱ्यासंगं भांडू नये. त्यो नेतोय तिकडंच आपुन बी न्यावं.” तू वाऱ्याच्या अंगानं झाडत जायचीस आणि गोदामाच्या पायरीच्या कोपऱ्यात सगळा पाला आपोआप गोळा व्हायचा. मग मला हाक. “पोतं धर! वाऱ्याला पाठ करून उभी ऱ्हा!” मी गोणपाट पसरून वाऱ्याला आडवी उभी राहायची आणि तू ढीग पाटीत भरायचीस. शेळ्यावाली म्हातारी तो पाला घ्यायला आधीच येऊन बसलेली असायची.

हापिसातल्या खराट्याला तू स्वतः बांबूची लांब दांडी बसवली होतीस ना? तारेनं आवळून, वर चिंध्या गुंडाळून. “वाकून झाडायला म्या काय कुनाची चाकर हाय?” म्हणायचीस. ताठ उभी राहून झाडणारी गावात तू एकटी.

त्या पाच-सहा आठवड्यांत तू माझ्याशी जेवढं बोललीस तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोलली नव्हतीस. दादा अणदूरच्या जत्रेत हरवले होते आणि तू त्यांना शोधायचं सोडून भजी खात बसली होतीस, हे मला शिरसाखालीच कळलं! मी इतकी हसले की पोतं सुटलं आणि अर्धा ढीग उडाला. तू खराटा उगारलास.

पण पालवी काही येईना. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाला तांबूस पानं फुटली. मारुतीपुढचा पिंपळ चमकायला लागला. आणि आपला शिरस बोडकाच, वर शेंगांचा खुळखुळाट. ज्याला त्याला वाटे, हे गेलेलं झाड. लिलावाला तीन दिवस उरले. मला रात्रीचं जेवण जाईना. माझी सहा महिन्यांची ऑर्डर त्याच महिन्यात संपत होती. माझीच यादी चुकली असं मीच सांगायचं, ओव्हरसियरच्या तोंडावर, आणि हातात पुरावा काय? काहीच नाही.

“पालवी येऊ दे, मग सांगते,” मी तुला म्हणाले.

“पालवी आल्यावर शेळीला बी कळतंय,” तू म्हणालीस. “तुला पगार कशाचा?”

बाप रे, काय लागलं ते मला! त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही. आणि माय, आज विचार करते तर तू एकदाही ‘यादी बदल’ असं म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी रडून ओरडून नाही म्हणाले असते, आणि झाड गेलं तर दोष तुझ्यावर टाकला असता. तू ती सोयच ठेवली नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांपुढं उभी राहिले. “साहेब, नऊ नंबरचं झाड जिवंत आहे. मी चुकीचं लिहिलं.”

ओव्हरसियर तिथंच बसले होते. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेबांनी विचारलं, “कशावरून?”

मी पानांचं सांगितलं. जिवंत झाडच पानं टाकतं, मेलेली फांदी धरून ठेवते. सांगताना माझं मलाच ते गोष्टीतल्यासारखं वाटायला लागलं.

“हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?”

“वाचलं नाही साहेब. त्या रस्त्यावर झाडणाऱ्या बाईंनी सांगितलं.”

बघ, तिथंही मी तुझा नियम पाळला! ओव्हरसियर हसले. “म्हणजे आता झाडूवाली सांगणार आणि आपण लिलाव थांबवायचा?”

मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं. “ती माझी आई आहे, साहेब. ती खोटं सांगत नाही.”

साहेब उठले, म्हणाले, “चला.”

गोदामासमोर मिलोची रांग लागली होती. तू कोपऱ्यावर गाडी ढकलत होतीस. साहेब तुझ्याशी थांबले आणि म्हणाले, “तुम्ही मंगलच्या आई ना?” तू माझ्याकडं असं बघितलंस की मला वाटलं, झाड वाचो न वाचो, मी काही वाचत नाही.

“व्हय, साहेब.”

“हे झाड जिवंत आहे म्हणता?”

“मेलेलं झाड रोज पाटीभर पाला कुठनं टाकंल?” तू विचारलंस. मग रांगेतल्या एका शेळ्यावाल्याकडून तू पाला ओढायची लांब काठीची आकडी मागून घेतलीस. आधी मोडक्या फांदीची डहाळी ओढलीस. काट्कन मोडली आणि भुसा ओव्हरसियरच्या छत्रीवर पडला. मग वरची एक बोडकी डहाळी ओढलीस. ती वाकली. वाकत वाकत साहेबांच्या खांद्याला लागली तरी मोडेना. तू नखानं साल काढलीस. आत हिरवं होतं, ओलं.

रांगेतली माणसं ओरडली. दुष्काळात लोकांना ओलं काही दिसलं तरी आनंद व्हायचा.

“खालून कसं कळणार साहेब?” ओव्हरसियर पुटपुटले.

“यांना खालूनच कळलं की,” साहेब म्हणाले.

नंतर मी तुला विचारलं होतं, ही डहाळीची युक्ती तुला आधीच ठाऊक होती, मग मला का नाही दाखवलीस? माझे शेवटचे पंधरा दिवस तरी सुखाचे गेले असते! तू म्हणालीस, “आदीच लोकांनी वरबाडलंय त्याला. आनि तुझी खातरी पटवायला म्या त्याची डहाळी मोडू व्हय?” माझ्यासाठी नाही मोडलीस, झाडासाठी मोडलीस. बरोबरच होतं ते.

साहेबांनी मला सगळी यादी पुन्हा तपासायला लावली, तुला सोबत घेऊन. आणखी चार झाडं जिवंत निघाली. माझी ऑर्डर तीन महिने वाढली, मग आणखी वाढली, पुढं कायम झाले. ओव्हरसियरनी माझं नाव ‘शिरसबाई’ ठेवलं ते मात्र कायमचं चिकटलं. आज मी हेडक्लार्क आहे तरी पाठीमागं शिरसबाईच म्हणतात. मला वाटतं ठीक आहे, यापेक्षा वाईट नावं असतात.

तू मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. “सांगू नगं म्हनलं व्हतं ना? साऱ्या हापिसात बोंब झाली.” मी माफी मागितली नाही. पहिल्यांदाच मी तुझं ऐकलं नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तू पटावर सही केलीस. नेहमीइतकाच वेळ लावून. आणि मग पायऱ्या चढून, खराटा भिंतीला टेकवून, थेट माझ्या टेबलाशी आलीस. सगळे कारकून बघत होते. तू टेबलावर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणालीस, “मंगे, डबा इसरलीस.”

मी डबा विसरले नव्हते. पिशवीत होता. त्या दिवशी मी दोन डबे खाल्ले, आणि दोन्ही रडत रडत.

शिरसाला पालवी आली ती पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी. वैशाखात त्याला ती हिरवट-पांढरी गोंड्यांची फुलं आली, आणि मिलोची रांग त्याच्या सावलीत उभी राहायला लागली. ओव्हरसियरसुद्धा सायकल त्याच्याखालीच लावायचे! तू जाता-येता त्या सायकलीकडं बघायचीस आणि काही बोलायची नाहीस. ते न बोलणं मला फार आवडायचं.

माय, मला नोकरी कुणी दिली, तर लोक म्हणतील साहेबांनी. पण चुकलं असं उभं राहून म्हणायची नोकरी मला तू दिलीस. आजवर जिथं जिथं कागदावर सही करते तिथं आधी खाली काय पडलंय ते बघते. हे तू असताना तुला सांगायचं राहिलं. आता सांगते.

आणि आता आज सकाळचं.

सुलाबाई गेली आणि मी खिडकीत उभी राहिले. ती शिरसाखाली झाडत होती. त्या आखूड खराट्यानं, कमरेत दुमडून, वाऱ्याच्या तोंडाला. ढीग करायची, वारं यायचं, पाला परत तिच्या तोंडावर. पुन्हा ढीग. मी वीस मिनिटं बघत होते. दाराआड तुझा खराटा उभा होता, चिंध्या तशाच गुंडाळलेल्या. दोरीवर तुझं लुगडं आहे, मी काढलेलं नाही. तुझी मिशरीची डबी खिडकीत आहे, तुझी वाटी पालथी आहे, तुझ्या चपला बाहेर आहेत. गेल्या शनिवारी तुझे जावई म्हणाले, “खराटा तसबिरीशेजारी टांगणार आहेस का?” तर मी रविवारची एसटी लागेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

आणि खिडकीत उभी असताना माझं मलाच कळलं. सगळा शिरस पानं टाकत होता, आणि मीच ती गोदामाकडची फांदी होऊन बसले होते. दोन महिने माझ्या खाली काही पडलेलं नाही, माय. मी तुझं एक चिरगूटसुद्धा सोडलेलं नाही, आणि त्यालाच मी प्रेम म्हणत होते.

तू असतीस तर सुलाबाईनं तोंड उघडायच्या आधी खराटा तिच्या हातात दिला असतास. वर दोन शिव्या देऊन तिला वाऱ्याच्या अंगानं झाडायला शिकवलं असतंस.

तर ऐक. उद्या उजाडताना मी शिरसाखाली जाणार आहे. खराटा तिला देईन, माझ्या हातानं. तार जरा सैल झालीय, आज आवळून ठेवते. चिंध्या बदलत नाही, त्यांना तुझ्या हाताची सवय आहे, तिच्याही होईल. लुगडं शेळ्यावाल्या म्हातारीच्या सुनेला देईन, तिला थंडीत अंगावर घ्यायला काही नाही. वाटी मात्र ठेवते, तेवढी ठेवू दे.

आणि पोतं माझ्याकडंच ठेवते. तिनं ढीग केला की वाऱ्याला पाठ करून उभं राहायला कुणीतरी लागेल ना!

तुझी,
मंगी
(शिरसबाई)